मागे सरत चालल्याबद्दल बॅन

२० जुलै, रविवार. पाऊस लागून बरेच दिवस झाले तरी कुलर खिडकीतच होता, म्हणून सकाळी तो खाली उतरवला. आतलं कुजलेलं गवत काढून फेकलं आणि टाकीच्या तळाशी बसलेला पांढरा थर विटेच्या तुकड्याने घासत बसले. तेवढ्यात खैरलांजीहून नणंदेचा फोन आला. त्या सकाळी कधी फोन करत नाहीत.

"वयनी, मले चोर म्हणून काढून टाकलं."

"कोणी?"

"गेमवाल्यानं. लाल अक्षरात लिहून आलं हाये. सून वाचून दाखवून राह्यली."

विटेचा तुकडा खाली ठेवला आणि हात पुसले.

या ताई म्हणजे माझ्या नवऱ्याची मोठी बहीण. पन्नाशी ओलांडलेल्या. त्यांची धानाची शेती आहे. दोन वर्षांपूर्वी बांधावरून घसरून त्यांचा घोटा मोडला, आत पट्टी बसवावी लागली, आणि डॉक्टरांनी सांगितलं की आता चिखलात उभं राहायचं नाही. त्याआधी रोवणीत कडेची पात त्यांची असायची. रोवणीत बायका एका ओळीत वाकून रोपं लावत मागे मागे सरतात, आणि कडेची बाई जो वेग धरेल तोच सगळ्यांचा वेग. असं काम करणारी बाई एकदम ओसरीत बसली म्हणजे घराला त्रास. हे ताईच म्हणतात. सुनेचंही तेच मत असावं, पण ती शहाणी आहे, बोलत नाही.

माझी मुलगी नागपूरला नोकरी करते. दिवाळीला आली तेव्हा तिने आम्हा चौघींच्या फोनमध्ये हा गेम टाकला. चौघी म्हणजे ती, मी, ताई आणि ताईंची सून. खेळाचं नाव लिहीत नाही, फुकट जाहिरात कशाला करू. चौघांची एक तुकडी, तिला सगळे स्क्वाड म्हणतात. एक पडकं गाव, समोर दुसऱ्यांच्या तुकड्या, आणि आडोसा धरत, एकमेकींना सांभाळत शेवटपर्यंत टिकायचं. दिवाबत्ती झाली की आम्ही खेळायला बसतो. नवऱ्याला आधी हसू आलं, मग राग आला, मग सवय झाली.

आता मी खरं सांगते, गेम वाईट बनवलेला आहे. पावलांचा आवाज उजवीकडून येतो आणि माणूस डावीकडून निघतो. खिडकीतून उडी मार म्हटलं की आपला शिपाई खिडकीसमोर उभा राहून भिंतीवर गोळ्या झाडतो. पडलेल्या सोबत्याला उचलायचं बटण आणि त्याचं सामान काढून घ्यायचं बटण अगदी एका जागी. त्यामुळे सासू पडली की सुनेचं बोट चुकायचंच.

"पाहा वो वयनी," ताई एकदा जमिनीवर पडल्या पडल्या ओरडल्या, "मी मरून राह्यली आन हे माही बंदूक काढून राह्यली!"

"आई, बटणच तसं हाये!"

"हौ, घरातही बटणच तसं हाये तुहं."

माझी मुलगी हसता हसता मेली, म्हणजे गेममध्ये. तिच्या मागून कोणी आलं त्याचा आवाज तिला पुढून ऐकू आला.

दर दोन महिन्यांनी अपडेट येतो. आवाज तसाच, बटण तसंच. नवीन काय, तर टोप्या. सोनेरी टोपी, शिंगांची टोपी, कुत्र्याच्या कानांची टोपी. घराचं छप्पर गळत असताना कोणी दारावर तोरण लावावं, तसला हा धंदा.

मी कापड परत करणारी बाई आहे. रंग उतरला की दुकानात जाते आणि गल्ल्यासमोर उभी राहते. म्हणून गेमच्या पानावर लोक काय लिहितात ते वाचायला लागले. वाचून डोकं फिरलं. अर्धे लोक आईबहिणीवरून शिव्या देतात, त्यातून बनवणाऱ्याला काय कळणार? उरलेले म्हणतात, दुनिया का बेस्ट गेम, जिन्हें खेलना नहीं आता वही रोते हैं. या दुसऱ्या जातीचा मला जास्त राग येतो. भाजी खारट झाली म्हटलं की तुमची जीभच बिघडली म्हणणारे पाहुणे असतात ना, तसे.

मी हिंदीत सरळ लिहिलं. आवाज उलटा येतो, खिडकी चालत नाही, उचलायचं बटण वेगळं करा. बाकी नकाशा चांगला आहे. तीन तारे दिले. खाली एकाने लिहिलं, "आंटी, किचन में जाओ."

मी लिहिलं, "किचन निपटाकर ही आई हूँ बेटा. तू बता, आवाज किधर से आती है?"

दुसऱ्या एकाने लिहिलं, "आंटी सही बोल रही हैं." कंपनीचं उत्तर आलं, "प्रिय खिलाड़ी, आपका सुझाव हमारे लिए अनमोल है. कृपया अपना इंटरनेट कनेक्शन जाँचें." आवाज उलटा येतो याच्याशी इंटरनेटचा काय संबंध, हे मला अजून कोणी समजावलेलं नाही.

एवढं असून आम्ही टिकत होतो, आणि त्याचं कारण ताई. या खेळात माघार घ्यायची वेळ आली की सगळे पाठ फिरवून धूम पळतात आणि पाठीत गोळी खातात. पहिल्याच आठवड्यात ताई म्हणाल्या, "पाठ काहून दाखवता? तोंड समोर ठेवा आन मांगं मांगं सरा. ओळ सोडू नका." तेव्हापासून आम्ही तशाच सरतो. चौघी एका रेषेत, मध्ये हातभर अंतर, तोंड शत्रूकडे, कडेला ताई. एक पडली की शेजारची तिची बाजू सांभाळते आणि रेषा मोडत नाही. नव्या पोरांना हे जमत नाही. त्यांना प्रत्येकाला पुढे धावून एकट्याने मारायचं असतं. आमच्यात माझा नेम सगळ्यात वाईट, पण ओळीत उभी असले की माझ्याकडूनही दोनचार जण पडतात.

तर रविवारी ताईंच्या आयडीवर लिहून आलं होतं की स्वयंचलित साधन वापरल्यामुळे ही आयडी कायमची बंद केली आहे. म्हणजे माणसाच्या ऐवजी एखादा चोरटा प्रोग्रॅम खेळतो आहे असं. नावापुढे लाल खूण. ज्याला पाहायची त्याने पाहावी.

आणि गावाने पाहिली. ताई सकाळी दुधाचं भांडं घेऊन निघाल्या, तर किराणा दुकानासमोर बसून हाच गेम खेळणारी पोरं म्हणाली, "काकू, हॅक कुठून डाउनलोड केलं? आमालेही द्या ना!" हे सांगताना ताईंचा आवाज बारीक झाला. दुकानातून चुकून जास्त आलेली काडेपेटीसुद्धा ही बाई परत नेऊन देते. तिला कोणी चोर म्हणायचं, तेही एका मशीनने?

मी म्हटलं, "ताई, आपण अपील करू."

"कोर्टात?"

"नाई, फोनातच."

सुनेने त्यांच्या फोनवर अपील उघडलं, मी इकडून हिंदीत मजकूर सांगितला. ही महिला स्वतः खेळते, सून शेजारी बसलेली असते, हवं तर समोर बसवून खेळवून पाहा. मी चहाचं आधण ठेवलं. त्याला उकळी यायच्या आत उत्तर आलं की जांच के बाद निर्णय सही पाया गया. कोणी केली जांच? एवढ्या वेळात माणूस चष्माही घालत नाही.

मग मुलीला नागपूरला फोन लावला. ती अशा गोष्टींत थंड डोक्याची आहे. आमच्या खेळांचं चित्रण गेममध्ये साठवलेलं असतं, ते तिने वरून पाहिलं. वरून आम्ही चार ठिपके दिसतो.

"मम्मी, समझ में आ गया," ती म्हणाली. "आत्या इतकी सरळ मागे येते ना, आणि तेही सारख्या स्पीडने, की मशीनला वाटतं हा प्रोग्रॅम आहे. माणूस एवढा वेळ उलटा चालूच शकत नाही असं त्याने धरलंय."

"आणि भिंतीआडून गोळी मारणारे?"

"ते चालतात."

"हवेत उडणारे? काल एक जण झाडावर बसून उडत गेला."

"मम्मी, ते पण चालतात."

माझा असा संताप झाला की मी कुलरची टाकी नुसत्या हाताने घासली. भिंतीआडून मारणारा खरा, हवेत उडणारा खरा, आणि उभं आयुष्य चिखलात सरळ ओळ धरून मागे सरलेली बाई तेवढी खोटी! ज्यांनी हे मशीन बनवलं त्यांनी कधी रोवणी पाहिली नसेल, हे मी समजू शकते. सगळ्यांनी सगळं पाहिलेलं नसतं. पण आपण न पाहिलेली गोष्ट जगात नसतेच असं धरून शिक्षा सुनावायची, याला मी अडाणीपणा म्हणते. शिकलेल्या माणसांचा अडाणीपणा.

हेच मी गेमच्या पानावर लिहिलं. तीन तारे काढून एक केला. शून्य देता येत नाही, नाहीतर तेच दिलं असतं. खाली लगेच एक जण आला. "बॅन हुआ मतलब कुछ तो किया होगा." मी फोन पालथा ठेवला. असल्याला उत्तर दिलं की आपणच घसरतो.

संध्याकाळी चौघी व्हिडिओवर जमलो. मुलगी म्हणाली, "आत्या, नवीन आयडी बनव. पाच मिनिटांचं काम आहे. लेव्हल आपोआप वाढेल."

"नाई."

"काहून वो आई?" सून म्हणाली. "मी बनवून देतो."

"नवीन आयडी चोर बनवते. मी काहून बनवू? मी बनवली म्हणजे पोरं म्हनतीन, पाहा, जुनी पकडली तं बुढीनं नाव बदललं."

मुलीने दुसरा उपाय काढला. तिच्या ओळखीची गोंदियाची एक मुलगी छान खेळते. तूर्त तिला चौथी घेऊ.

"घ्या ना," ताई म्हणाल्या. "मी काय नाई म्हनून राह्यली का? तुमी खेळा." आणि त्यांनी फोन सुनेच्या हातात दिला. पडद्यावर आधी छत दिसलं, मग सुनेचा चेहरा.

ती हळू आवाजात म्हणाली, "मामीजी, आई सकाळपासून जेवल्या नाईत. पोरं दुकानावर हायेत म्हनून दूध आणाले मले पाठवलं."

त्या दिवशी आम्ही खेळलो नाही. मुलगी म्हणाली, "मम्मी, दुसरा गेम शोधते. तसाही हा बकवास आहे, तूच एक तारा दिलास."

"रस्ता खराब आहे म्हणून लोक खैरलांजीला जायचे राहतात का?" मी म्हटलं. "त्यांनी बिघडवला आहे, तर आपण कशाला उठायचं? आणि ताईंना त्या नकाशातली एकेक भिंत माहीत आहे."

"मग करणार काय? ती नवीन आयडीला तयार नाही."

"एकटी तयार नाही," मी म्हटलं.

मला काय म्हणायचं आहे ते तिला लगेच कळलं. मग म्हणाली, "मम्मी, माझी रँक माहीत आहे ना तुला? ऑफिसमध्ये कोणाची नाही एवढी."

"माहीत आहे. तुझं तू ठरव. मी माझं सांगते आहे."

सकाळी उठून मी दूध तापवलं, नवऱ्याला डबा भरून दिला आणि फोन घेऊन बसले. आयडी मिटवायचं बटण त्यांनी अशा कोपऱ्यात लपवलं आहे की चष्मा लावूनही लवकर सापडत नाही. सापडलं तर गेमने विचारलं, नक्की का? मी हो म्हटलं. त्याने विचारलं, तुमच्या टोप्या जातील, चालेल का? मी एकही टोपी घेतलेली नव्हती, एक फुकटची मिळाली होती, कुत्र्याच्या कानांची. हो म्हटलं. मग कारण विचारलं. तिथे मी लिहिलं, एका खऱ्या बाईला तुम्ही खोटी म्हटलं, म्हणून.

नवीन आयडी बनवली. पहिली लेव्हल, हातात साधं पिस्तूल, अंगावर बनियन. त्याचा फोटो ताईंच्या सुनेला पाठवला आणि मग ताईंना फोन लावला.

"तुमी का येड्या झाल्या वयनी?" त्या कडाडल्या. "एवढी वाढवलेली आयडी मिटवली? मले विचारलं का?"

"तुमी नाईच म्हटलं असतं."

"हौ, म्हटलंच असतं." मग त्यांनी विचारलं, "पोरीनं?"

"तिचा मेसेज आला आताच. तिनेही मिटवली. रडून राह्यली आहे, पण मिटवली."

"आन माह्या सुनेनं?"

मागून सुनेचा आवाज आला, "आई, मी कधीचीच मिटवली. तुमचीच वाट पाहून राह्यलो."

"मले न सांगता सगळं करता तुमी," ताई म्हणाल्या. मग त्यांनी सुनेला हाक मारली. "इकडं ये वो. नाव टाक. माहं पूर्ण नाव टाक, सासरचं, माहेरचं, गावासकट. कोनी लपून राह्यलं नाई इथं."

नाव फार लांब होत होतं, गेम घेत नव्हता. मी फोन कानाला धरून बसले आणि त्या दोघी कोणता भाग कापायचा यावर भांडत होत्या.