गद्र्यांचा पिस्टन

सहकारनगरच्या बाल्कनीत, टेबलावरच्या छोट्या लेथवर, निवृत्त इंजिनिअर श्याम गद्रे मुठीत मावेल असं वाफेचं इंजिन घडवत होते. नीट काम येणारा माणूस पुण्यात एकच उरलाय, हे त्यांचं ठाम मत. जावयाने पितळी पिस्टन कौतुकाने उचलला, तर म्हणाले, "ठेवा खाली. हे स्क्रीनवर बोटं नाचवण्याचं काम नाही."

बाजारातले पिस्टन म्हणजे ढिला कारभार! आपल्या पिस्टनला त्यांनी लोखंडी सिलिंडरात केसभरही फट ठेवली नाही. जावयासमोरच वाफ सोडली. पितळ तापून लोखंडापेक्षा जास्त फुगलं आणि पिस्टन जागीच अडकून बसला.

त्यांच्या पत्नी नीरजाताईंनी चहाचा कप टेबलावर ठेवला. "अहो, या घरात तुम्ही कधी कोणाला हलायला जागा ठेवलीत, म्हणून त्या पिस्टनला ठेवाल?"