माठामागचा डबा

बेंबळीच्या मेडिकलवाल्या अण्णांनी कंडोमचा डबा माठामागं ठेवलाय, गारव्याला. भर दुपारी ते दुकान मला कडुलिंबाच्या सावलीत तरंगल्यासारखं वाटतं. गिऱ्हाईक नुसतं पाणी मागतं. पेल्याबरोबर पाकीट हातात येतं. मग अण्णा समोरच्या झाडाला सांगितल्यासारखं पुटपुटतात, "खिशात ठिवून हिंडू नका, उन्हानं रबर खराब हुतंय. टोक चिमटून हवा काढा, मग चढवा. दर टायमाला नवं घ्या."

काल एक म्हातारी पाणी प्यायली, पाकीट कनवटीला खोचून थांबली. अण्णा झाडाशी बोलू लागले. तीही झाडाकडंच बघत म्हणाली, "धाकटं अजून अंगावर पितंय, सून लई खंगलीया. सावकाश सांग बाबा. घरी पोराला मलाच सांगायचंय."

अण्णांनी पहिल्यांदाच झाडावरची नजर काढली.