यानाच्या हातावर दही

आज यान सुटायच्या आधी आईने टीव्हीपुढे दह्याची वाटी ठेवली. मी शाळेत असताना, माणसं घेऊन निघालेलं एक यान आकाशात जळताना आम्ही बातम्यांत पाहिलं होतं. "निघताना हातावर कुणी दही घातलं नसेल रे त्यांच्या," म्हणत ती रडली होती. तेव्हापासूनचा हा तिचा नेम. मला मात्र त्यानंतरही चंद्रावरच जायचं होतं. काय दिवस होते! गच्चीत उभं राहिलं की चंद्र शेजारच्या गावाइतका जवळ वाटायचा.

आजचं यान झोकात ढगांपार गेलं. आईने टाळ्या वाजवल्या आणि चमचाभर दही माझ्यापुढे धरलं.

"तुलाही जायचं होतं ना? धर."

पन्नाशीतला माझा हात लगेच पुढे झाला. निघायची घाई असल्यासारखं मी ते चाटून टाकलं.