व्हय म्हाराजा म्हणायला माणूस

लालबागच्या चाळीत होळीला गाऱ्हाणं बाबा घालायचे. म्हणजे होळीपुढे नारळ ठेवून देवाशी मोठ्यानं बोलायचं, सगळ्यांच्या वतीनं मागायचं. आणि प्रत्येक मागणीनंतर जमलेल्या बाप्यांनी एका दमात म्हणायचं, "व्हय म्हाराजा!" हा होकार आला की मागणं देवापर्यंत पोचलं, असं आम्ही कोकणी लोक धरून चालतो. बायकांनी लांबून नुसतं ऐकायचं. मला त्याचा राग यायचा. पण तो होकार ऐकला की अंगावर काटाही यायचा.

संपात बाबांची गिरणी गेली, मग आई गेली, आणि खोली विकून आम्ही दोघं बोरिवलीला आलो. मी फोर्टात टायपिस्ट. सकाळी घर सोडायचे ते दिवेलागणीला परत. शेजारी वाईट नव्हते हो, पण दारं सगळी बंद. मला करमत नव्हतं ते मी ऑफिसात बडबडून तरी टाकायचे. बाबा कुणाशी बोलणार? दुधाच्या केंद्रावर उगाच रेंगाळायचे, आणि मी आले की दिवसभराचं एकदम बोलायला लागायचे.

पहिला शिमगा आला. सोसायटीची होळी आवारात, पाण्याच्या टाकीजवळ पेटली. गुजराती शेजारणी धाणी म्हणजे लाह्या, आणि खजूर वाहून, फेऱ्या मारून बाजूला झाल्या. बाबा धुतलेला सदरा, टोपी घालून नारळ घेऊन निघाले.

"बाबा, इथे कोण आहे आपलं? राहू द्या ना."

"देव आसा मा," ते म्हणाले.

मी चरफडत मागोमाग उतरले. कुणी त्यांना हसलं असतं तर मला सहन झालं नसतं.

त्यांनी नारळ ठेवला, हात जोडले. "बा देवा म्हाराजा, आज ह्यो शिमग्याचो नारळ तुका ठेवलो आसा, तो गोड मानून घे म्हाराजा." आणि सवयीनं थांबले. कुणीच काही बोललं नाही. वॉचमन विडी ओढत बघत होता.

"ह्या बिल्डिंगीतल्या सगळ्या पोराटोरांक सुखी ठेव म्हाराजा." पुन्हा थांबले. ज्या पोरांची नावंही ठाऊक नाहीत, त्यांच्यासाठी मागत होते. पण आवाज खाली गेला होता. आता हे गप्प होणार आणि पुन्हा कधीच गाऱ्हाणं घालणार नाहीत, हे मला दिसलं. मग यांच्याकडे राहिलं काय?

गेला तो नियम खड्ड्यात, म्हटलं, आणि ओरडले, "व्हय म्हाराजा!"

बाबांनी मागे पाहिलं नाही. पण पुढचा आवाज थेट चाळीतला होता. "माझ्या मागसून ह्या माझ्या चेडवाक एकटा पडाक देऊ नको म्हाराजा."

चेडू म्हणजे लेक. माझ्यासाठी मागितलं, आणि माझ्याच होकारासाठी थांबले.

मी तिशीला टेकले होते, लग्नाचं कुठे जमत नव्हतं, आणि त्याबद्दल आमच्यात कधी एक शब्द निघाला नव्हता. बाबा हात जोडून तसेच उभे. शेवटी मागे न बघता हळू म्हणाले, "बाय, म्हण गो. तू नाय म्हटलंस तर पोचाचा नाय."

मी म्हटलं. पण इतकं पुटपुटत, की बाबांनाही ऐकू गेलं नसेल.

बाबा गेल्यापासून होळीला नारळ मीच ठेवते. गाऱ्हाणं घालते, थांबते, आणि "व्हय म्हाराजा"ही मीच म्हणते.