तक्रारींचे वाटे

सोळा-सतरा सालची गोष्ट. गॅस एजन्सीच्या डहाणूच्या ऑफिसात तक्रारी घ्यायला मी बसायचे. पाड्यापाड्यावर नव्या शेगड्या गेलेल्या. कुणाची पेटत नाही, कुणाची नळी वास मारते, कुणाचा सिलिंडर वाटेतच कुठेतरी. आमची दुसरी खिडकी तलासरीला, तिथे एकटीच मुलगी. शेठनी ठरवलं, ती खिडकी बंद करायची.

"बेन, आठवडाभर ती माश्या मारते. पगार कशापायी द्यायचा?"

त्या पगारावर तिचं घर चालत होतं हो. फोनवर रडली बिचारी. "मावशी, बाजाराच्या दिवशी मला पाणी प्यायला वेळ नसतो!" पण शेठ बघणार महिन्याची बेरीज.

माझी भाची तेव्हा कॉम्प्युटर शिकून आली होती. शेठना विचारून तिने वर्षभराच्या तक्रारी त्यात भरल्या. माणूस कुठला, कधी आला, कुठल्या खिडकीवर, काय म्हणाला, सगळं.

"आत्या, आता ते आपणच सारख्याला सारखं शोधून गट पाडेल."

"म्हणजे वाटेच की! वरोरची कोळीण टोपली ओतून लावते तसे. बोंबील इकडे, मांदेली तिकडे."

"तसंच. फक्त मासळीची नावं आपण आधी सांगायची नाहीत."

मला तर हे भारीच आवडलं. आम्ही आपले वर्षानुवर्षं किनारा डहाणूला, डोंगर तलासरीला असं धरून बसलेलो. कॉम्प्युटरला त्याचं काय! एका वाट्यात सकाळी फोन करणारे. दुसऱ्यात तलासरीच्या बाजाराला येऊन खिडकी गाठणारे. तिसरा मात्र भलताच निघाला. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी डहाणूला आलेली माणसं, आणि सगळी तलासरीकडची! तिथे रांगेत नंबर लागला नाही की एसटी धरून माझ्याकडे यायची, आणि मोजली जायची माझ्या खिडकीवर.

शेठनी पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"म्हणजे माश्या तर तुम्ही मारता, बेन!"

खिडकी राहिली. बाजाराच्या दिवशी तिथे तीन खुर्च्या, बाकीच्या दिवशी सकाळी ती मुलगी डहाणूला फोनवर. पहिल्या बाजाराला मी ऐटीत तिच्या शेजारी जाऊन बसले, तर म्हणते कशी, "मावशी, इथे तुम्ही नव्या. उठा, बाहेर रांगेत टोकन देऊन या."

गेले मुकाट्याने.