पाकिटावरची डागमावशी

गल्लीच्या तोंडाशी, जिन्याखालच्या खोलीत तिची लाँड्री. आत इस्त्रीचं टेबल, दोन बादल्या, घासायचा दगड आणि वर दोरीला टांगलेले लोकांचे शर्ट. सगळे तिला डागमावशी म्हणत. तिचं खरं नाव नवऱ्यालासुद्धा आठवावं लागत असेल, कारण तोही "मावशी, चहा ठेवतेस का?" असंच विचारायचा आणि शिव्या खायचा.

नाव उगाच पडलं नव्हतं. डागाचा कपडा आला की ती तो उजेडात धरायची, उलटा करायची, ओल्या अंगठ्याने चोळायची, नाकाशी नेऊन वास घ्यायची आणि मग एकच काय ते बोलायची. जाईल, नाहीतर फिकट होईल, नाहीतर नाही जाणार. 'बघू', 'प्रयत्न करते' ही भाषाच तिच्याकडे नव्हती. नाही जाणार म्हटलेला कपडा, कुणी कितीही गयावया करो, ती घेत नसे. अंदाज चुकायचाही कधीकधी, नाही असं नाही. मग ती धुलाईचे पैसे घ्यायची नाही आणि चारचौघांत सांगायची, "मी चुकले." सव्वीस वर्षं हे असं चाललं होतं. लोक तिच्या शब्दावर डोळे मिटून विसंबायचे ते त्यामुळे.

अशा बाईकडे एक दिवस साबणाच्या पावडरच्या कंपनीचा माणूस आला. चकचकीत बूट, जिभेवर साखर. "ताई, या भागात कुणालाही विचारा, सगळे तुमच्याकडेच बोट दाखवतात. आम्हाला तुमच्यासारख्या तज्ज्ञाचं मत हवंय." मावशी फुलली. कोण नाही फुलणार हो? जन्मभर दुसऱ्यांच्या घामाचे कपडे धुतलेल्या बाईला पहिल्यांदाच कुणी तज्ज्ञ म्हणत होतं.

तरी ती कच्ची नव्हती. "वापरल्याशिवाय मी बोलणार नाही," तिने ठणकावलं. मग त्याने पावडर एका साध्या पांढऱ्या डब्यात आणून दिली. पाकीट अजून छापून यायचंय म्हणाला. मावशीने आठ दिवस जुन्या चिंध्यांवर चहा सांडला, तेल सांडलं, शाई ओतली, गंजका खिळा गुंडाळून ठेवला, वाळवलं आणि धुतलं. "चहा गेला, तेल गेलं," तिने त्याला सांगितलं. "शाई फिकट झाली. गंज नाही गेला. पण पावडर चांगली आहे, उगाच नाव ठेवणार नाही." त्याने वहीत लिहून घेतलं, तिचा फोटो काढला आणि एका कागदावर सही घेतली.

दोन महिन्यांनी पाकीट बाजारात आलं. केवढं ते पाकीट! कंपनीच्या जुन्या पाकिटापेक्षा वीतभर उंच. त्यावर मावशीचा हसरा चेहरा आणि खाली जाडजूड अक्षरांत, 'डागमावशी सांगते, कुठलाही डाग जाईल!' ते 'कुठलाही' तिला खटकलं. चांगलंच खटकलं. "असं मी कधी म्हणाले?" ती नवऱ्याला म्हणाली. "अगं, जाहिरातीत असंच लिहितात," तो म्हणाला. आणि मावशी गप्प बसली. एवढंच नाही, तिने ते पाकीट रस्त्याकडे तोंड करून फळीवर लावलं. तिथे तिचं चुकलं, आणि ते तिला कुणी सांगायची गरज पडली नाही.

लोकांनी पाकिटं धडाधड उचलली. मग कुरकुर सुरू झाली. "मावशी, अर्ध्या पाकिटात नुसती हवा आहे की! किंमत तीच, आणि महिन्याची पावडर वीस दिवसांत खडखडाट." मावशीने ते हसण्यावारी नेलं. तिला वाटलं, लोकांना किरकिर करायची सवयच असते.

मग एका सकाळी वरच्या मजल्यावरची नर्स आली. वीस वर्षांची ओळख. मावशीच्या ऑपरेशनच्या वेळी हीच तिच्या उशाशी बसली होती. तिने टेबलावर एक निळी लोकरीची शाल पसरली. तिची आई गेल्यावर आईची म्हणून तिने एवढी एकच वस्तू ठेवून घेतली होती. शालीच्या मधोमध बशीएवढा पांढरट चट्टा पडला होता आणि लोकर आक्रसून गोळा झाली होती.

"काय केलंस गं हे?"

नर्सने फळीवरच्या पाकिटाकडे बोट दाखवलं. "औषधाचा डाग होता."

"अगं, मग माझ्याकडे का नाही आणलीस? मी सांगितलं असतं ना, हिला हात लावू नकोस म्हणून!"

"तुमच्याकडेच आणणार होते, मावशी. पण म्हटलं, मावशी सांगतातच आहेत की कुठलाही डाग जातो. मग परत कशाला विचारायचं?" ती रागावली नव्हती. तिने शालीची घडी घातली आणि ती गेली.

 मावशीने लगेच फळीवरचं ते पाकीट फोडलं आणि पुन्हा सगळे डाग पाडले. तेल जाणं लांबच, चहासुद्धा धड निघेना! वास वेगळा, फेस वेगळा. डब्यातली पावडर एक होती आणि पाकिटातली भलतीच. मेल्यांनी तिच्याकडून खरं बोलवून घेतलं आणि ते खोट्या मालावर चिकटवलं.

ती तडक कंपनीच्या ऑफिसात गेली. आता ती 'ताई' राहिली नव्हती. "बाई, ते सॅम्पल होतं," तो माणूस म्हणाला. "बाजारातला माल थोडा वेगळा असतोच." त्याने पाकीट उलटं केलं. मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत छापलं होतं, 'परिणाम कपड्यानुसार वेगळे असू शकतात.' घटलेलं वजनही तिथेच कोपऱ्यात. "आम्ही काहीच लपवलेलं नाही."

"मग माझं थोबाडसुद्धा तेवढंच छापायचं होतंत, मागच्या बाजूला!" मावशी कडाडली.

त्याने तिच्या सहीचा कागद पुढे केला. त्याप्रमाणे फोटो वर्षभर त्यांचा होता.

तिने दारावर पाटी लावली, 'पाकिटावरच्या मावशीचं ऐकू नका.' लोक पाटी वाचून हसायचे. "आता काय उपयोग? तुझं तर भागलं ना?" शेजारची शिंपीण म्हणाली. एक डबाभर पावडर सोडून तिला काही मिळालं नव्हतं, हे कुणालाच पटेना. शेजारणीलाही नाही.

पुढच्याच आठवड्यात टपालवाला आला. अठरा वर्षांचं गिऱ्हाईक. कोट टाकायचा आणि मागे न बघता निघून जायचा. दुसऱ्या दिवशी त्याचा निवृत्तीचा कार्यक्रम होता आणि कोटाच्या बाहीवर चहाचा डाग होता. मावशीने बाही उजेडात धरली, ओला अंगठा फिरवला. "जाईल," ती म्हणाली.

टपालवाला तिथेच उभा राहिला. "नक्की ना?" त्याने विचारलं. मग जरा ओशाळून म्हणाला, "म्हणजे, उद्याच घालायचाय म्हणून. मी थांबतो थोडा वेळ."

मावशीने कोट दगडावर घेतला. वाण्याने मापात मारू नये म्हणून माणूस तराजूवर नजर ठेवतो, तसा तो तिच्या हातांकडे बघत राहिला. तिने बाही घासली, खळबळली, पुन्हा घासली, इस्त्रीखाली कोरडी केली आणि त्याच्यापुढे धरली.

त्याने बाही खिडकीशी नेली, उलटीसुलटी करून पाहिली. "अरे वा," तो म्हणाला, "गेला की हो खरंच!"

अठरा वर्षं तिने त्या माणसाचे कपडे धुतले होते. आणि आज त्याला नवल वाटलं होतं.