खोबरेल तेल आणि बशीने झाकलेला चहा

आमच्याकडे खोबरेल तेल डोक्याला लावतात, खात नाहीत. फोडणीला आधी जवसाचं नाहीतर शेंगदाण्याचं तेल असायचं, आता घरोघरी सोयाबीनचं. खोबरेलाची बाटली असते न्हाणीच्या फळीवर, कंगव्याशेजारी. हे आधीच सांगून टाकते, कारण त्या बाटलीतलं तेल मी अख्खा हिवाळा चमच्याने पोटात घातलंय. कोणी बुवा-महाराजाने सांगितलं म्हणून नाही. माझ्या सख्ख्या बहिणीने सांगितलं म्हणून.

ताई माझ्यापेक्षा बरीच मोठी. आई गेली तेव्हा मी दुसरीत होते. तेव्हापासून माझ्या वेण्या, माझे डबे, माझी दुखणीखुपणी सगळं तिनेच पाहिलं. लग्नाचं वय झालं तरी मला सोडून जायचं म्हणून रडायची. पुढे तिला मुलगी झाली, आणि कोणी विचारलं, पहिलीच का, तर म्हणायची, "नाही वं, ही दुसरी. पहिली लेक तर मी माहेरातच वाढवली." हे तिने इतक्यांदा म्हटलंय की मी ते खरंच धरून बसले होते. जगात एकच माणूस असं होतं ज्याचं बोलणं मी कधी तपासून पाहिलं नाही.

मला थायरॉइड निघाला तेव्हा ताईला तो आधीपासूनच होता. डॉक्टरांनी गोळी दिली. म्हणाले, सकाळी उठल्याबरोबर उपाशीपोटी साध्या पाण्यासोबत घ्या, आणि नंतर तासभर काही खायचं-प्यायचं नाही. चहासुद्धा नाही. गोळीचं मला काही वाटलं नाही बाप्पा, पण चहा? मी चहाशिवाय धड डोळे न उघडणारी बाई. यांचा चहा करायचा, आपला कप बशीने झाकून ठेवायचा आणि घड्याळाकडे बघत कणीक मळायची. असा झाकलेला कप कोणाच्या ओट्यावर दिसला की मी ओळखायची, ही आपल्यातलीच. विचारायचं कामच नाही.

दसऱ्याच्या सुमारास ताईचा व्हिडिओ आला. ती कोराडीला राहते, भाऊजी तिथल्या वीजघरात नोकरीला, त्यांच्याच कॉलनीत क्वार्टर. कॉलनीतल्या बायांच्या कार्यक्रमात ती हातात माइक घेऊन उभी होती, लग्नातली जरीची साडी नेसून. "मी गोळी बंद केली. रोज सकाळी एक चमचा खोबरेल तेल. अन् पाहा माह्याकडे!" बायांनी टाळ्या वाजवल्या. तो व्हिडिओ आमच्या सगळ्या नात्यात फिरला. ज्या ताईला कधी कोणी चारचौघांत दोन शब्द बोलायला सांगितलं नव्हतं, तिला आता बाया फोन करकरून विचारायला लागल्या. मला काय अभिमान वाटला म्हणून सांगू! मीही चार जणींना तो पाठवला.

मग तिचा मला फोन. "तू अजून गोळीच खाऊन राहिली काय? जिंदगीभर खात बसशील का वं? उद्यापासून बंद. तेल घेजो, अन् मले सांगजो."

आमचे हे म्हणाले, "डॉक्टरले विचार ना एकदा."

मी म्हटलं, "तुमच्या डॉक्टरपेक्षा माही ताई मले जास्त ओळखते." झालं. गोळ्यांची डबी कपाटात वरती गेली.

थंडीत आमच्या हुडकेश्वरला खोबरेल दगडासारखं गोठतं. मी बाटली कंपाउंडच्या भिंतीवर उन्हात ठेवायची, पातळ झालं की चमचा भरायची आणि नाक दाबून गिळायची, वरून गुळाचा खडा. मळमळायचं. पण त्यानंतर लगेच चहा! खरं सांगते, निम्मा विश्वास ताईवर होता आणि निम्मा त्या चहावर.

मी घरी ब्लाउज शिवते. संक्रांत झाली आणि माझी बोटं सुजायला लागली, कात्री धरली की मुंग्या यायच्या. बांगड्या साबण लावल्याशिवाय निघेनात. दुपारी मशीनवरच डोळा लागायचा. एका बाईच्या ब्लाउजला मी दोन्ही बाह्या डाव्याच कापल्या, आणि तिने दाखवेपर्यंत मला कळलंही नाही. आवाज घोगरा झाला. चेहरा असा फुगला की भाजीवाला म्हणाला, वहिनी, तब्येत मस्त सुधारली तुमची. घ्या! उन्हाळा लागला, गल्लीतले लोक कूलरला वाळ्याच्या नव्या ताट्या लावून राहिले, आणि मी शाल पांघरून बसलेली. हे काही बोलले की मी त्यांच्यावरच खेकसायची. ताईने सांगितलं होतं, सुरुवातीला त्रास होतोच, अंगातलं सगळं बाहेर पडतं.

ती मधून मधून यायची. आली की मला पायाशी बसवून डोक्याला तेल लावायची, लहानपणी लावायची तसंच. तेव्हा केसांचे पुंजकेच्या पुंजके तिच्या हातात यायचे. मला दिसू नयेत म्हणून ती ते गुंडाळून पदराच्या टोकात बांधायची. मला दिसायचे. मला वाटायचं, माझ्या जिवाला लागू नये म्हणून लपवते बिचारी.

एप्रिलमध्ये तिची मुलगी बाळंतपणासाठी कोराडीला आली. मी सुजलेल्या बोटांनीच चार झबली शिवली आणि मुक्कामाला गेले. भाची मला पाहून दचकली, "मावशी, हे काय झालं तुले?" ताई पटकन म्हणाली, "प्रवासानं थकली ती. जाऊ दे, झोपू दे तिले."

सकाळी उठून मी स्वयंपाकघरात गेले. ताई बाथरूममध्ये होती. खिडकीच्या जाळीवर नेहमीसारखी वीजघराच्या राखेची पूड बसलेली. ओट्यावर चहा ओतून ठेवलेला, चार कप. दोन उघडे, एक भाऊजींचा, एक माझा. आणि दोन बशीने झाकलेले.

मी तिथेच उभी राहिले. तुम्हाला वाटेल मला लगेच कळलं असेल. कळलंच. पण कळलेलं पटायला वेळ लागतो, विशेषतः ते ताईबद्दल असेल तर. तेवढ्यात भाची कंबर धरत धरत आली. मी म्हटलं, "घे वं, चहा गार होऊन राहिला तुहा."

"नाही मावशी, आमचा नंतर. आत्ताच गोळी घेतली ना. मले पण थायरॉइड निघाला, दिवस राहिल्यावर. आई म्हणते, तासभर पाण्याशिवाय काहीच नाही घ्याचं. रोज सोताच्या हातानं देते मले, अन् मंग आपली घेते."

मी गोळी सोडली हे पोरीला बिचारीला माहीतच नव्हतं. ताई दारात आली, ओला चेहरा पदराने पुसत. तिने माझ्याकडे पाहिलं, मग कपांकडे. भाचीला म्हणाली, "तू बाहेर जाऊन बस, हवेशीर."

मी विचारलं, "कधीपासून?"

"तेल घेतलं वं मी. खरंच घेतलं, तुही शप्पथ. संक्रांतीच्या आधी मले उठवतच नव्हतं. तुह्या भाऊजीनं डॉक्टरकडे नेलं. त्यानं बम झापलं. म्हणाला, तेल भाजीत टाका नाहीतर डोक्याले लावा, पण गोळीचं काम गोळीच करते."

"संक्रांतीपासून? अन् मले काहून नाही सांगितलं?"

"कसं सांगू? इतक्या बाया माह्या भरवशावर. तो व्हिडिओ कुठकुठं जाऊन राहिला. आता मी म्हटलं असतं का खोटं आहे, तर थुंकले असते ना लोक तोंडावर. तुले वाटते मले झोप येते? तुहं तोंड पाहून जीव तुटे माहा."

"माहे केस तुह्या हातात येत होते. तवा तुले माहीत होतं, कायनं गळून राहिले?"

ती ओट्याची कड पुसत राहिली. मग म्हणाली, "हौ."

माझ्या अंगात त्या दिवशी भांडायचीही ताकद नव्हती, नाहीतर मी ते चारी कप भिंतीवर फेकले असते. मी एवढंच म्हटलं, "पोरीले मात्र बरोबर गोळी दिली."

"ती दोन जीवांची आहे वं. पोटच्या पोरीसंग असा खेळ कसा करू?"

हे बोलताना तिचा चेहरा अगदी साधा होता. तिला वाटलं, मला हे पटेल. आणि तिथेच माझं सगळं संपलं. गोळी लपवली ते मी आज ना उद्या विसरले असते, भीतीपोटी माणूस काय काय करतं. पण हे वाक्य तिला जड गेलं नाही. मी तिची पहिली लेक होते ते लोकांना सांगायला, पंगतीत हसायला. मला रडू आलं आणि त्या रडण्याचाच मला इतका राग आला की मी तोंड धुवून थेट पिशवी भरायला घेतली.

भाचीला सांगितलं, शिवणाचं काम राहिलंय. ताई मागे मागे आली. हळूच म्हणाली, "गोळी चालू कर आजपासून. पण कोणाले बोलू नको वं. तुह्या पाया पडतो. माही इज्जत आहे या कॉलनीत." तिने खरंच वाकून हात लावायला घेतला. मी पाय मागे घेतले.

फाटकापाशी ऑटोची वाट पाहत उभी होते, तर शेजारच्या दोन बाया आल्या. ताई माझ्या बाजूलाच, माझी पिशवी धरून. त्यातली एक अगदी तरुण, कडेवर लेकरू, चेहरा माझ्यासारखाच सुजट. मला म्हणाली, "तुम्ही काकूंच्या लहान बहीण ना? काकू नेहमी सांगतात, तेलानं माह्या बहिणीची पण गोळी सुटली म्हणून. मी पण सोडली, तुमचं ऐकूनच. किती दिवसांत फरक पडला तुम्हाले?"

म्हणजे मी नुसती फसले नव्हते, मी पुरावा होते. मी ताईकडे पाहिलं. ती नुसती मान हलवत होती, नको, नको, नको. लहानपणी तापात मी अंगावरचं पांघरूण काढायला लागले की ती अशीच मान हलवायची. क्षणभर माझा जीव पाघळला, हे नाकारत नाही. मग ते कडेवरचं लेकरू आईच्या सुजलेल्या गालावर हात मारून हसलं.

मी त्या पोरीला म्हटलं, "फरक पडला ना, हे पाहा माहं तोंड. घरी जा अन् आजच डॉक्टरकडे जाऊन गोळी चालू कर. मी पण आता घेणार आहे. ताई घेते तशी, रोज."

ऑटो आला. पिशवी ताईच्या हातात होती, ती मला मागावी लागली.